तीस मिलिमीटरचा जमाखर्च

पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्या टायरच्या वर, मडगार्डच्या कडेपर्यंत, आख्खी मूठ मावेल एवढी फट सोडलेली होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही दोन आसनांची, उघड्या छताची गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि तेव्हापासून जगभरातील तिचे मालक ती फट बुजवण्याच्या खटपटीत आहेत. मी त्यांपैकीच एक आहे. माझी गाडी १.६ लिटर इंजिनाची, जर्मनीत नोंदलेली, आणि श्टुटगार्टच्या आसपासच्या डोंगराळ रस्त्यांवर रविवारी सकाळी बाहेर पडणारी आहे. तिला खाली आणण्यासाठी माझ्याजवळ साधारण हजार-अकराशे युरो होते. ते कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत, याचा विचार इथे मांडतो आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. गाडी खाली आणणे हा या कामातील सर्वांत स्वस्त भाग आहे. पैसे लागतात ते खाली आलेल्या गाडीच्या चाकांना वरखाली हलायला पुरेशी चाल शिल्लक ठेवण्यासाठी, आणि ज्याच्याजवळ पैसे मोजके आहेत त्याने तेवढ्याचसाठी ते राखून ठेवावेत.

खाली आणल्याने नेमके काय मिळते, हे आकड्यांत पाहिले की उत्साहाला योग्य ते माप मिळते. वळणावर गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते. हे सरकणारे वजन किती, ते गाडीचे एकूण वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधील रुंदी यांवर ठरते. स्प्रिंग कडक की मऊ याचा त्या एकूण बेरजेशी फारसा संबंध नसतो. चालकासह गाडी १,०५० किलोची धरली, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४८० मिलिमीटरवर मानला, चाकांमधील रुंदी सरासरी १,४२० मिलिमीटर घेतली आणि वळण गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराचे समजले, तर सुमारे २८४ किलो वजन बाहेरच्या दोन चाकांवर सरकते. गाडी ३० मिलिमीटर खाली आणली की हाच आकडा २६६ च्या आसपास येतो. म्हणजे सगळ्या खटाटोपातून हाती लागतात ते १८ किलो, जेमतेम सहा टक्के. हे कमी नाही, पण ज्या अभिमानाने लोक खाली बसलेल्या गाडीचे फोटो टाकतात त्या मानाने फार नाही. नवे, चांगल्या प्रतीचे टायर घातले तर पकडीत याहून मोठा फरक पडतो आणि तो पहिल्याच ओल्या वळणावर जाणवतो. म्हणूनच टायर सात-आठ वर्षांचे झालेले असतील तर आधी ते बदलावेत, आणि उरलेच तर स्प्रिंगकडे वळावे, असे मी कोणालाही सांगेन. अर्थात गाडी दिसायलाही चांगली दिसावी हा हेतू मी नाकारत नाही. माझाही तो होताच.

आता दुसरी बाजू. या गाडीला पुढे आणि मागे, चारही कोपऱ्यांत दोन-दोन आर्मची, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या वर-खाली हलत्या दांड्यांची, स्वतंत्र सस्पेन्शन रचना आहे आणि स्प्रिंगच्या पोटात शॉकअप बसतो. मुख्य अभियंता तोशिहिको हिराई यांच्या हाताखाली हलकी आणि परवडणारी गाडी करायची असे ठरलेले असताना चारही चाकांना ही महागडी रचना दिली गेली, ही त्या काळातली मोठी गोष्ट होती. मात्र या रचनेत एक अडचण मुळातच आहे: चाकाला वर जायला जागा आधीच बेताची आहे. शॉकअपच्या दांड्यावर लांबट, फोमचा बंप स्टॉपर बसवलेला असतो, आणि कारखान्याच्या उंचीवरही जरा मोठा खड्डा आला की शॉकअप त्या स्टॉपरला जाऊन टेकतो. अभियंत्यांनी तो अपघाताने टेकू दिलेला नाही; हळूहळू कडक होत जाणारी दुसरी स्प्रिंग म्हणूनच त्याची योजना आहे. पण गाडी ३० मिलिमीटर खाली आणली की ते ३० मिलिमीटर नेमके याच वरच्या चालीतून वजा होतात.

समजा चाकाला वर जायला आधी ७० मिलिमीटर मिळत होते आणि आता ४० उरले. तोच उंचवटा, तेवढीच ऊर्जा आता कमी अंतरात पचवायची आहे. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबाच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ७० चे काम ४० मध्ये करायचे तर स्प्रिंग सुमारे तिप्पट कडक हवी. बाजारात मिळणाऱ्या आखूड स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा थोड्याच कडक असतात, कारण तिप्पट कडक स्प्रिंग घालून रोज कामावर जायला कोणी तयार होणार नाही. उरलेली ऊर्जा कुठे जाणार? ती बंप स्टॉपरमध्ये जाते. गाडी मग खऱ्या अर्थाने स्प्रिंगवर नाही तर फोमच्या तुकड्यावर चालू लागते, आणि फोम पूर्ण चेपला की कडकपणा एकदम वाढतो. सरळ रस्त्यावर हे फक्त कमरेला कळते. वळणात मात्र बाहेरचे पुढचे चाक स्टॉपरवर बसले की त्या चाकावरचा भार झटक्यात वाढतो, पकड सुटते आणि गाडी सरळ जाऊ पाहते; मागचे चाक बसले तर गाडीची शेपटी फिरते. दोन आसांमधील अंतर जेमतेम २,२६५ मिलिमीटर असलेल्या या गाडीत शेपटी फिरायला लागली की चालकाला सावरायला फार वेळ मिळत नाही. पावसाळी दिवशी गोल चौकात खड्डा असेल तर काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वळणात गाडी एका काल्पनिक बिंदूभोवती कलते आणि त्या बिंदूची उंची आर्म किती तिरके आहेत यावर ठरते. गाडी खाली आली की लोअर आर्मचा उतार बदलतो आणि अनेक गाड्यांत हा बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. दोघांमधील अंतर वाढले म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांबली. तेव्हा खाली आणलेली पण तेवढ्याच कडकपणाच्या स्प्रिंगवर ठेवलेली गाडी आधीपेक्षा जास्त कलू शकते, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या, म्हणजे वरच्या आर्मच्या जागी शॉकअपच चाकाला धरून ठेवतो अशा गाड्यांत हा दोष अधिक ठळक असतो. दोन आर्मच्या रचनेत तो कमी जाणवतो, शिवाय चाक वर जाताना आतल्या बाजूला थोडे झुकत असल्याने टायर रस्त्यावर सपाट बसण्यास मदत होते. पण ही मदतही साधारण ३० मिलिमीटरपर्यंतच उपयोगाची आहे. त्याखाली गेल्यावर आर्म नको त्या कोनात काम करू लागतात आणि कंपन्या ज्याला ‘स्पोर्टी’ ठेवण म्हणून खपवतात ते प्रत्यक्षात केवळ दिखाऊ उरते.

स्वस्तातले पर्याय कोणते, तर सर्वांत स्वस्त म्हणजे असलेली स्प्रिंग कापणे. याविषयी जेवढ्या तावातावाने बोलले जाते तेवढ्या शांतपणे त्यामागचे गणित क्वचित सांगितले जाते. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांपैकी एक कापला की उरलेली स्प्रिंग २० टक्के कडक होते. म्हणजे कापलेली स्प्रिंग आखूड आणि कडक अशी दोन्ही होते, आणि इथवर दिशा बरोबरच आहे. दोष आहे तो टोकाचा: कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक पूर्ण लोंबकळले की स्प्रिंग सैल पडून जागेवरून सरकू शकते. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग खाली दबवण्याची जी गावठी पद्धत आहे ती मात्र निव्वळ आत्मघाताची आहे, कारण पोलादाला उष्णतेच्या प्रक्रियेने दिलेला ताण सहन करण्याचा गुण त्या ज्योतीतच जळून जातो. अशी स्प्रिंग पुढे बसत जाते किंवा तुटते. जर्मनीत तर कापलेली किंवा तापवलेली स्प्रिंग तपासणीत सापडली की गाडी रस्त्यावर आणण्याचा परवानाच संपतो, त्यामुळे इथे हा पर्याय विचारातही घ्यावा लागत नाही.

दुसरा पर्याय स्वस्त कॉइलओव्हरचा, म्हणजे आट्यांच्या नळीवर स्प्रिंग बसवलेल्या शॉकअपचा. साधारण २५० ते ४०० युरोंत उंची हवी तशी फिरवता येईल असा संपूर्ण संच घरपोच येतो आणि तरुण मंडळींना त्याचा मोह पडतो यात नवल नाही. माझा आक्षेप त्यांच्या उंचीवर नाही, आतल्या शॉकअपवर आहे. शॉकअप हा भाग तेल, झडपा आणि नेमक्या मापांचा असतो. चार शॉकअप, चार स्प्रिंग आणि आट्यांची नळी यांची मिळून किंमत जेव्हा एका नामांकित कंपनीच्या दोन शॉकअपइतकी असते, तेव्हा काटकसर कुठे झाली असेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्यात जर्मन हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने आटे गंजले की दोन हिवाळ्यांनंतर उंची फिरवण्याची सोय फक्त कागदावर उरते. केडब्ल्यूसारख्या कंपनीचे साध्या पोलादाऐवजी स्टेनलेस स्टीलची नळी असलेले संच उत्तम आहेत, पण ते हजार युरोंच्या वर जातात आणि मग हा लेख त्यांच्याविषयी राहत नाही.

तिसरा पर्याय, आणि मी तोच घेतला, म्हणजे एखाद्या जुन्या, ओळखीच्या कारखान्याच्या सुमारे ३० मिलिमीटर आखूड स्प्रिंग आणि त्यांना शोभतील असे नवे शॉकअप. आयबाख आणि एच अँड आर या दोन्ही जर्मन कंपन्यांच्या स्प्रिंग २०० ते ३०० युरोंच्या दरम्यान मिळतात. अनेक जण इथेच थांबतात आणि नव्या स्प्रिंग जुन्या शॉकअपवर चढवतात. शॉकअप निरोगी असतील तर हे अगदीच चूक नाही. स्प्रिंग २० टक्के कडक झाली तर तिला आवरायला लागणारे दमन, म्हणजे शॉकअपचा विरोध, वर्गमुळाच्या हिशेबाने जेमतेम १० टक्क्यांनी वाढते, आणि चांगल्या शॉकअपला एवढे झेपते. पण तीस वर्षे जुन्या गाडीचे शॉकअप निरोगी असण्याची शक्यता किती? शिवाय मूळ शॉकअपचा दांडा मूळ उंचीसाठी आखलेला असतो. आखूड स्प्रिंगवर त्याचा पिस्टन सतत खालच्या भागात काम करतो. बिलश्टाइन कंपनी याच कारणासाठी बी६ आणि बी८ असे दोन प्रकार ठेवते: पहिला मूळ स्प्रिंगसाठी, दुसरा आखूड स्प्रिंगसाठी कमी लांबीचा. हे लक्षात न घेता केवळ जास्त स्वस्त मिळाला म्हणून बी६ घेणे शहाणपणाचे नाही.

माझ्या खर्चातील सर्वांत समाधानाची रक्कम मात्र सर्वांत लहान होती. दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये, म्हणजे १९९८ नंतरच्या गाडीत, माझ्दाने शॉकअपच्या वरच्या माउंटची, म्हणजे त्याला गाडीशी जोडणाऱ्या बैठकीची, रचना बदलली आणि चाकाला वर जायला थोडी जास्त चाल मिळवून दिली. हे माउंट पहिल्या पिढीच्या गाडीतही बसतात. जुन्या गाड्या सुट्या करून भाग विकणाऱ्यांकडे चार माउंटचा संच एका चांगल्या जेवणाच्या किमतीत मिळतो, आणि स्प्रिंगने वरून जेवढे हिरावून घेतले त्यातील काही भाग हे माउंट परत देतात. सोबत नवे बंप स्टॉपर आणि धूळ रोखणारी रबरी वेष्टने घ्यावीत. जुन्या स्टॉपरचा हातात भुगा होतो. स्प्रिंगच्या कंपनीने स्टॉपर किती कापावा हे सांगितले असेल तर तेवढाच कापावा, त्याहून एक मिलिमीटरही जास्त नाही, कारण स्टॉपर नसला की शॉकअपचा पिस्टन स्वतःच तळाला आदळतो आणि आतल्या झडपा फुटतात.

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी खर्चाचा एक वेगळा रकाना आहे: कागदपत्रे. वाहन परवाना नियमांच्या कलम १९ नुसार, धोका निर्माण करू शकेल असा बदल गाडीत केला की तिची चालवण्याची परवानगी आपोआप रद्द होते आणि ती तज्ज्ञाच्या तपासणीनंतरच पुन्हा जिवंत होते. भागासोबत ‘टाइलेगुटाख्टन’, म्हणजे त्या भागाचा तपासणी-अहवाल असेल तर ट्यूफ किंवा डेक्रासारख्या वाहन-तपासणी संस्थेकडे काही दहा युरोंत काम होते. अहवाल नसेल तर कलम २१ खाली स्वतंत्र तपासणी करावी लागते. तिला काही शे युरो पडतात आणि तीही तज्ज्ञ तयार झाला तर. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावर अर्ध्या किमतीत दिसणारा कागदांविना भाग इथे सर्वांत महाग ठरतो. जुना माल घेतानाही हे सांभाळावे. स्प्रिंगवर छापलेला क्रमांक अहवालातील क्रमांकाशी जुळला पाहिजे, आणि तो क्रमांक गंजाने किंवा रंगाने पुसला गेला असेल तर स्प्रिंग कितीही उत्तम असो, तपासनीस ती ओळखू शकत नाही. मी जुन्या स्प्रिंग पाहायला गेलो की विक्रेत्याशी बोलण्याआधी ओला फडका आणि विजेरी काढत असे. आणखी एक मेख अशी की अहवाल बहुधा मूळ चाकांपुरता असतो. या गाडीची मूळ चाके १४ इंची, १८५/६० मापाच्या टायरची. कोणी आधीच १५ इंची चाके घातली असतील तर चाके आणि स्प्रिंग यांची जोडी एकत्र तपासून घ्यावी लागते. दुसऱ्या पिढीच्या माउंटचेही तसेच. खरेदी करण्याआधीच तपासनिसाला गाठून, कागद दाखवून, त्याची संमती विचारून घ्यावी. माझा अनुभव असा की आधी विचारायला येणाऱ्या माणसाशी हे लोक फार सौजन्याने वागतात.

काम करायला मी भाड्याची कार्यशाळा घेतली. इथे तासावर लिफ्ट भाड्याने मिळते, हत्यारे मिळतात आणि अडलेच तर सल्ला द्यायला कोणी तरी असते. फ्लॅटच्या खालच्या वाहनतळात जॅक आणि लोखंडी स्टँडवर गाडी चढवून हे काम करणे शक्य असते, पण घरमालकाची परवानगी आणि शेजाऱ्यांची सहनशक्ती या दोन्हींवर मी भरवसा ठेवला नाही. आदल्या आठवड्यापासून सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. पुढचे शॉकअप काढताना अपर आर्ममधून जाणारा लांब बोल्ट काढला की आर्म बाजूला होतो आणि शॉकअप सुटा होऊन बाहेर येतो. बॉल जॉइंट ठोकून काढण्यापेक्षा हे पुष्कळ सोपे आहे. स्प्रिंग दाबणाऱ्या यंत्राशी मात्र थट्टा नको. दाबलेल्या स्प्रिंगच्या अक्षासमोर स्वतःचे डोके किंवा छाती येऊ देऊ नये, यंत्राचे हुक समोरासमोर बसवावेत आणि दोन्ही बाजूंचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे फिरवावेत.

जोडणी करताना एका बाबीकडे घरगुती कामातच नव्हे, पैसे घेऊन केलेल्या कामातही सर्रास दुर्लक्ष होते. आर्मच्या टोकांना जे रबरी बुश असतात त्यांचे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. आर्म हलतो तेव्हा बुश गोल फिरत नाही, रबर पिळला जातो. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट शेवटपर्यंत आवळला तर त्या लोंबत्या स्थितीत रबर निवांत असतो आणि गाडी जमिनीवर आली की कायमचा पिळलेला राहतो. असा बुश गाडीला खाली बसू देत नाही, चाल कडक करतो आणि लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी हाताने लावून, गाडीचे वजन चाकांवर आणून, मगच टॉर्क रेंचने पूर्ण आवळावेत. गाडी चाकांवरच उभी राहते अशी चार खांबांची लिफ्ट असेल तर हे सहज जमते. चाकांचे नट ८८ ते ११८ न्यूटन-मीटर या मर्यादेत ठेवावेत. नव्या स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरांत काही मिलिमीटर आणखी बसतात, त्यामुळे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, लगेच न करता थोडे चालवून मग करणे योग्य.

अलाइनमेंटवर कंजुषी करू नये, हे मी जरा आग्रहाने लिहितो. सुमारे १०० युरोंचा हा खर्च टाळणाऱ्याच्या टायरची आतली कड एका हंगामात संपते आणि वाचवलेले पैसे दुप्पट जातात. एमएक्स-५ ची खरी श्रीमंती इथे दिसते: चारही लोअर आर्मवर प्रत्येकी दोन कॅम बोल्ट आहेत, ते फिरवले की आर्मची जागा सरकते. त्यामुळे पुढे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (ज्या अक्षाभोवती चाक वळते त्याचा मागे कल), मागे कॅम्बर आणि टो (चाकाचे तोंड आत की बाहेर), आणि स्टिअरिंगच्या दांड्यांवरून पुढचा टो, हे सारे वेगळा एकही भाग न घेता जुळवता येते. माझ्या गाडीला पुढे एक अंश आणि मागे दीड अंश ऋण कॅम्बर, कॅस्टर पाच अंशांच्या जवळ, पुढे टो शून्य आणि मागे किंचित आत, अशी मापे मी लावून घेतली आणि ती रोजच्या वापरात टायरही खात नाहीत. अट एकच, की हे कॅम बोल्ट फिरले पाहिजेत. मिठाच्या प्रदेशात ते बुशच्या नळीत गंजून एकजीव होतात आणि मग करवतीने कापण्याखेरीज इलाज उरत नाही. म्हणून अंदाजपत्रकात नव्या कॅम बोल्टांसाठी काही रक्कम वेगळी ठेवावी, आणि वर्षातून एकदा ते सोडवून ग्रीस लावून परत त्याच खुणेवर बसवावेत. याच वेळी मागच्या चाकांपुढचे दरवाज्याखालचे उंबरठे आतून तपासावेत; या गाडीला गंज तिथे लागतो, आणि तिथे भोक पडले असेल तर स्प्रिंगचे पैसे सरळ वेल्डिंगला द्यावेत.

तपासनीस काय पाहतो, हे आधी ठाऊक असले की फेरी वाया जात नाही. तो चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतो, कारण टायर झिजला तरी हे माप बदलत नाही. आपणही काम सुरू करण्यापूर्वी चारही कोपऱ्यांचे हेच माप लिहून ठेवावे. तो गाडी उचलून चाके लोंबकळती असताना स्प्रिंग हाताने हलते का ते पाहतो. तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन चाके चढावर ठेवून टायर कुठे घासतो का ते पाहतो. दिव्यांची दिशा पाहतो. इथे पहिल्या पिढीच्या गाडीची गंमत अशी की उघडणारे दिवे वर आल्यावर पुरेसे उंच असतात, त्यामुळे मुख्य दिव्यासाठी असलेली ५०० मिलिमीटरची किमान उंची अडचण ठरत नाही. लक्ष ठेवावे लागते ते बंपरमधल्या सिग्नलच्या दिव्यांवर, कारण त्यांना ३५० मिलिमीटरची किमान उंची लागू आहे. जमिनीपासून पोटाच्या उंचीबाबत ट्यूफच्या मार्गदर्शक पत्रकात ८०० मिलिमीटर रुंद आणि ११० मिलिमीटर उंच अडथळ्यावरून गाडी न घासता जावी अशी अपेक्षा आहे. तीस मिलिमीटरवर थांबलेल्या गाडीला या कसोटीची धास्ती बाळगावी लागत नाही. पसंतीचा कागद मिळाला की नोंदणी कार्यालयात जाऊन तो बदल गाडीच्या कागदावर चढवायचा आणि विमा कंपनीला कळवायचे, एवढेच उरते.

पुण्यातील काही मित्र हे सगळे तिथे करता येईल का असे विचारतात. एमएक्स-५ भारतात विकली गेलेली नाही, पण प्रश्न कोणत्याही गाडीला लागू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर नेणाऱ्या बदलांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ही मनाई गांभीर्याने घ्यावी असेच सांगितले. कायदा बाजूला ठेवला तरी, भारतीय रस्ते परिषदेच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे, आणि सोसायटीच्या दारातील गतिरोधक कोणत्या मानकाने घातलेले असतात ते पुणेकरांना मी सांगायला नको. तिथे मी टायर, शॉकअप आणि बुश बदलेन आणि उंचीला हात लावणार नाही.

काढलेल्या मूळ स्प्रिंग, माउंट आणि शॉकअप मी तळघरात डाव्या-उजव्याच्या चिठ्ठ्या लावून ठेवले आहेत, आणि यामागे भावनेपेक्षा कर आहे. जर्मनीत ३० वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ अक्षराची पाटी मिळू शकते आणि मग वर्षाचा कर सरसकट १९१ युरो ७३ सेंट होतो. १.६ लिटरच्या, युरो १ प्रदूषण-वर्गातील गाडीला एरवी दर १०० घनसेंटिमीटरला १५ युरो १३ सेंट या दराने वर्षाला २४२ युरो भरावे लागतात. पाटी देताना तज्ज्ञ गाडीतील बदल त्या काळाला साजेसे आहेत का हे पाहतो. नव्वदच्या दशकात सर्रास बसवल्या जात असत त्या आखूड स्प्रिंग बहुधा चालतात. आजचा रंगीत नळीचा, उंची फिरवणारा संच पाहून मात्र तो प्रश्न विचारू शकतो. माझ्या गाडीचा या पाटीसाठीचा अर्ज अजून व्हायचा आहे, आणि तज्ज्ञाने नव्या स्प्रिंग नाकारल्याच तर मूळ संच चढवायला भाड्याच्या लिफ्टवरची एक दुपार पुरेल.